४३ डिग्री आणि दोन पुरुष पाणी

मे महिन्याचा वीकेंड आणि डेस्टिनेशन नांदेड-लातूर! ना हिल स्टेशन, ना बीच. तरी पोहायला मिळालं, फोटो मिळाले, जुन्या रूममेट्स भेटल्या. आणि एक जुनी उधारीही फिटली.

"मे महिन्यात नांदेड? डोकं ठिकाणावर आहे ना?"

ही आईची प्रतिक्रिया. मित्रमंडळींची तर छापण्यासारखी नाही. अख्खा ग्रुप दापोलीला निघाला होता आणि मी बॅगेत कॅमेरा, दोन लेन्स, ओआरएसची पाकिटं आणि (हसू नका!) स्विमिंग कॉस्च्युम भरत होते. "तिकडे प्यायला पाणी नाही आणि ही पोहायला निघाली," हा टोमणा ऐकूनच मी घर सोडलं.

कारण साधं होतं. पुण्यात मास कॉम करताना होस्टेलच्या एका खोलीत आम्ही तिघी. होस्टेलच्या रिवाजाप्रमाणे एकमेकींना गावाच्या नावाने हाक. मी ठाणेकर, दुसरी नांदेडकर, तिसरी लातूरकर. नांदेडकर आता बँकेत आहे. लातूरकर लातूरच्याच एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. गेली चार वर्षं आमचं "भेटू या गं" फक्त मोबाइलवर चाललं होतं. मे महिन्यात मुलांच्या परीक्षा संपतात, लातूरकर मोकळी होते. म्हणजे भेटायचं तर मे महिन्यातच! फ्रीलान्सरला रजा मागायची तरी कुणाकडे? सोमवार जोडून घेतला आणि निघाले.

जाता जाता एका संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "मराठवाड्यात चाललीच आहेस तर दुष्काळाचे दोन-चार फोटो आण. मे आहे, खपतील." मी "हो" म्हणाले. हे "हो" लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नदी आहे, पण पोहायचं नाही

शुक्रवारी रात्री ठाण्याला गाडीत बसले आणि शनिवारी सकाळी नांदेडच्या प्लॅटफॉर्मवर उतरले. आजूबाजूला पगड्या, कडी, पंजाबी गप्पा. क्षणभर वाटलं, झोपेत अमृतसरला तर नाही आलो? स्टेशनबाहेर स्कूटीवर नांदेडकर उभी. डोक्यापासून खांद्यापर्यंत स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, हातात सनकोट. "आधी हा घाल. मग गळ्यात पड," हे तिचे चार वर्षांनंतरचे पहिले शब्द.

मे महिन्यातल्या नांदेडचं टाइमटेबल ठरलेलं असतं. सकाळी सहा ते नऊ माणसांचं राज्य. अकरा ते पाच उन्हाचं. संध्याकाळी सहानंतर पुन्हा माणसं बाहेर पडतात आणि रात्री बारापर्यंत घरी जायचं नाव घेत नाहीत. फोटोग्राफीचा फंडाही तोच. मी शहाणपणा करून दुपारी एकला बाहेर पडले. पारा ४३ च्या वर. दहा मिनिटांत कॅमेऱ्याची बॉडी हाताला चटके द्यायला लागली आणि फोटो आले ते पांढरेफटक, सावलीच नसलेले. घरी परतले तेव्हा नांदेडकरच्या आजीने काही न बोलता माठातलं पाणी आणि कांदा पुढे केला. कूलरपुढे चटई टाकून आम्ही चारपर्यंत गप्पा हाणल्या.

"मग, गोदावरीत पोहायला कधी जायचं?" मी विचारलं.

नांदेडकर हसली. "नदी बघायची, नमस्कार करायचा, फोटो काढायचा. उतरायचं नाही."

संध्याकाळी घाटावर गेल्यावर कळलं. गोदावरी नांदेडला भरपूर देते, पण मे महिन्यात घाटाजवळ उरतं ते संथ, गढूळ पाणी. वरून शहराचं सांडपाणी. लहानपणी इथेच पोहायला शिकलेल्या माणसांच्या गोष्टी नांदेडकरच्या घरात आहेत. तिच्या पिढीपर्यंत मात्र त्यातल्या नुसत्या गोष्टीच पोचल्या.

मग आम्ही शहराबाहेर विष्णुपुरीला गेलो. इथे गोदावरी अडवून शंकरसागर जलाशय केलाय. इथलं पाणी उपसून कालव्यात सोडतात आणि ते शेतापर्यंत जातं. दिवसभर भाजल्यानंतर एवढं पाणी एकदम दिसलं की डोळे अक्षरशः निवतात. काठावर काळेश्वराचं मंदिर, पलीकडे मावळणारा सूर्य. इथे मात्र सॉल्लिड फ्रेम मिळाली. दोन पोरं काठावरून पाण्यात उतरायच्या बेतात होती. एका आजोबांनी त्यांना अशा काही शिव्या घातल्या की ती शर्ट हातात घेऊनच पळाली. धरणाच्या पाण्याचा भरवसा नाही, हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे.

गागर

रात्री सचखंड हुजूर साहिब. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी इथेच देह ठेवला. आजची मुख्य वास्तू १८३० च्या दशकात महाराजा रणजितसिंगांनी बांधवली. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली आणि त्या निमित्ताने शहराचे रस्ते रुंद झाले. नांदेडकर त्यावेळी शाळेत होती. "आमच्या गल्लीत पहिल्यांदा डांबर आलं ते तेव्हा," हा तिचा लोकल इतिहास.

रात्रीच्या दिव्यांत पांढरा संगमरवर असा काही उजळतो की ट्रायपॉड नसल्याचं दुःख होतं. गाभाऱ्याचे फोटो काढायचे नाहीत, डोकं झाकायचं, पाय धुऊन आत जायचं. लंगरमध्ये पंगतीत बसलो. रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची, ताटात टाकून घ्यायची नाही. माझ्या एका बाजूला लुधियानाचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला देगलूरहून आलेल्या मावशी. समोर वाढणारा पोरगा मराठी, हिंदी, पंजाबी सगळं एकाच वाक्यात बोलत होता. निजामाच्या राज्यात राहिलेलं, तेलंगणाला खेटलेलं हे शहर भाषांच्या बाबतीत भलतंच दिलदार आहे.

बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर नांदेडकरने गागरीची गोष्ट सांगितली. उजाडायच्या आधी गोदावरीचं पाणी गागरीत भरून आणतात आणि त्या पाण्याने तख्त धुतलं जातं. ही सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. "भर पावसात, थंडीत, अशा उन्हाळ्यातही. एक गागर रोज," ती म्हणाली.

गागर हा शब्द ऐकला आणि मला दुसऱ्याच घागरी आठवल्या. मी विषय बदलला. नांदेडकरच्या ते लक्षात आलं असावं, पण ती काही बोलली नाही.

त्या रात्री गच्चीवर झोपलो. झोपायच्या आधी नांदेडकरच्या भावाने फरशीवर चार बादल्या पाणी ओतलं. चर्र आवाज झाला, वाफ आली आणि अर्ध्या तासात गच्ची गार!

लाल डब्यातून लातूर

रविवारी पहाटेची एसटी. नांदेडकरही बरोबर निघाली. लोह्याला उतरून आम्ही काळी-पिवळीने कंधारला वाकडी वाट केली. किल्ला म्हणजे फक्त सह्याद्री, असं वाटणाऱ्या आपल्यासारख्यांना कंधारचा भुईकोट धक्का देतो. राष्ट्रकूटांच्या काळातलं हे नगर. तटाभोवती रुंद खंदक, आणि गावाजवळ त्याच काळातला तलाव. नाव काय, तर जगत्तुंग समुद्र! तलावाला समुद्र म्हणायचं धाडस पाण्याची खरी किंमत कळलेला माणूसच करू शकतो. साडेसातच्या तिरप्या उन्हात तटाचे दगड मधासारखे दिसत होते. पन्नासेक फोटो काढले, त्यातले पाच बरे आले.

अहमदपूर, चाकूर करत एसटी लातूरला पोचली तेव्हा दुपार झाली होती. खिडकीबाहेर नुसती काळी, नांगरून टाकलेली रानं. मधेच एखादं लिंबाचं हिरवंगार झाड. एवढ्या उन्हात ते हिरवं कसं राहतं, हे त्यालाच ठाऊक.

लातूरकरने दार उघडलं, तिघींनी यथेच्छ आरडाओरडा केला आणि मागून काकू आल्या. लातूरकरची आई. मी वाकून नमस्कार केला. वर मान करून त्यांच्याकडे बघायला मात्र मला थोडा वेळ लागला.

तो फोटो

आता सांगूनच टाकते.

२०१६. लातूर शहराला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाने जमावबंदी लावली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे सुरू झाली. साधारण साडेतीनशे किलोमीटरवरून. १२ एप्रिलच्या पहाटे पहिली गाडी पोचली ती १० वॅगन, ५ लाख लिटर पाणी घेऊन. पुढे ५० वॅगनची गाडी येऊ लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. देशभरातले कॅमेरे तेव्हा लातूरला होते.

आम्ही पुण्यात, होस्टेलच्या मेसमध्ये. एके सकाळी पेपरात मोठा रंगीत फोटो आला होता. टँकरभोवती घागरींचा गराडा, निळ्या, लाल, पिवळ्या. मधोमध एक बाई. केस विस्कटलेले, पदर दातात, दोन्ही हात पाइपकडे ताणलेले. मी १९ वर्षांची, फोटोजर्नालिझमने झपाटलेली. मी ओरडले, "काय फ्रेम आहे यार! घागरींचे रंग बघ!"

लातूरकरने पेपर हातात घेतला. बराच वेळ बघितला. म्हणाली, "आई आहे ही." आणि लेक्चरला निघून गेली.

मी सॉरी म्हणाले नाही. आधी काय बोलावं सुचलं नाही, मग परीक्षा आली, मग वेळ निघून गेली. ती कधी बोलली नाही, मीही नाही. एवढी वर्षं गेली. मी पत्रकार झाले, लोकांचे शेकडो फोटो काढले. आणि आता त्याच गावात "दुष्काळाचे दोन-चार" काढायला "हो" म्हणून आले होते.

सात ड्रम

लातूरकरच्या घरात सात ड्रम आहेत. नळाला पाणी येतं, तरी सातही भरलेले असतात. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला जातं. आंघोळीला मला बादली देताना काकूंनी सहज विचारलं, "एक पुरेल ना बाळा?" घरी मी शॉवरखाली उभं राहून गाणी म्हणते. इथे अर्धी बादली उरवली आणि उगाचच बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी गंजगोलाई. १९१७ मध्ये उभी राहिलेली गोल बाजारपेठ. मधे दुमजली गोल इमारत आणि देवीचं मंदिर, तिथून फुटणारे १६ रस्ते. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचं हे डिझाइन. कुठे सोनं, कुठे चपला, कुठे भांडी, कुठे धान्य. दिवे लागायच्या वेळी गोलाईत उभं राहिलं की कॅमेरा कुठे वळवावा कळत नाही. पाठीवर सॅक टाकून फिरणारी पोरंपोरी ही लातूरची दुसरी ओळख. 'लातूर पॅटर्न'च्या नावाखाली डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आसपासच्या जिल्ह्यांतून आलेली. दर दहा पावलांवर कुणीतरी "मॅम, नमस्ते" म्हणत होतं. आमची लातूरकर इथली सेलिब्रिटी निघाली!

परतताना एका गल्लीत टँकर उभा होता. तीन-चार बायका, घागरी, पाइप, वरून पिवळा दिवा. रेडीमेड फ्रेम! माझा हात सवयीने कॅमेऱ्यावर गेला. लातूरकर काही बोलली नाही. फक्त माझ्या हाताकडे बघितलं. मी लेन्सवर झाकण लावलं.

रात्री पुन्हा गच्ची. इथे फरशीवर कुणी पाणी ओतलं नाही. "बाराला गार होते आपोआप," काकू म्हणाल्या. नांदेडकर झोपल्यावर मी बोलले. सगळं. मेस, पेपर, "काय फ्रेम आहे", सगळं.

लातूरकर आभाळाकडे बघत होती. "मला वाटलं, तू विसरलीस."

"नाही."

"मला त्या फोटोचा राग नाही आला कधी. खोटा नव्हता ना तो. वाईट एवढंच वाटलं की आईचे केस विंचरलेले नव्हते. कुणी विचारलं असतं तर तिनं वेणी तरी घातली असती." जरा वेळाने म्हणाली, "आणि तुझा राग आला होता. चारेक वर्षं."

"मग?"

"मग लॉकडाऊनमध्ये तू रोज फोन करायलीस. रोज रोज कुणावर किती रागावणार?"

दोन पुरुष पाणी

सोमवारी सकाळी सहाला आम्ही तिच्या चुलत्यांच्या शेतावर. पोहणं झालं ते इथे. नदीच्या गावात पोहता आलं नाही आणि रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या गावाबाहेर आम्ही पोहलो!

विहीर जुनी, दगडी बांधणीची, आत उतरायला पायऱ्या. वर कडेच्या बाभळीवर सुगरणीचे खोपे लटकत होते, खाली कपारीत पारवे. पाणी गडद हिरवं. मी डोकावून विचारलं, "किती खोल आहे?"

"दोन पुरुष असंल," चुलते म्हणाले.

मी बावळटासारखी बघत राहिले. पुरुष म्हणजे एक माणूस बुडेल एवढं पाणी, हे मला लातूरकरने हसू आवरत समजावलं. मी पोहायला शिकले ती भिंतीवर '३ फूट', '५ फूट' असं लिहिलेल्या निळ्या टाइल्सच्या टँकमध्ये. इथे तळ दिसत नाही, कठडा धरायला दांडी नाही, शिट्टी वाजवणारा कोच नाही. कॉस्च्युम अर्थातच बॅगेतच राहिला. जुनी ट्रॅक पँट आणि टी-शर्ट घालून मी पायरीवर उभी. बाजूला शेतावरची तीन पोरं पाठीला रिकामे प्लॅस्टिकचे कॅन बांधून धपाधप मुटके मारत होती. आधी यासाठी वाळलेला भोपळा बांधायचे, आता कॅन. बाकी तंत्र तेच.

मी चाचरत म्हणाले, "काका, आम्ही पोहून पाणी खराब नाही ना होणार? कमी नाही ना होणार?"

"पोहल्यानं पाणी कमी होत नसतंय, माय. उपसल्यानं होतंय." ते हसले. "सोळा सालाला हितं खाट टाकून झोपता आलं असतं. आता हाय तर पवा की!"

"कशाला घाबरायलीस? मार उडी!" पाण्यातून लातूरकर ओरडली. मारली. पहिला दीड फूट कोमट, त्याखाली एकदम बर्फ! श्वासच अडकला. वर आले तेव्हा गोल आभाळ, खोपे आणि विहिरीत घुमणारं आमचं हसणं. कुठल्याही रिसॉर्टच्या पूलमध्ये असला आवाज येत नाही.

अर्ध्या तासाने मी वर येऊन कॅमेरा पुसत बसले होते. भाकरीचं फडकं घेऊन आलेल्या काकू काठावर उभ्या होत्या. त्यांनी फडकं खाली ठेवलं, साडीचा काष्टा मारला, केसांचा घट्ट अंबाडा घातला. आम्ही तिघी बघतच राहिलो.

"आई, तुला येतं?" लातूरकरचं तोंड उघडंच.

"माहेरी विहीर होती. लग्नानंतर कुठं सवड मिळाली?" मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "माझा एक फोटो काढ बरं. आधीचा काही बरा आला नव्हता."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. फोटोही, मीही.

त्यांनी वरच्या पायरीवरून सूर मारला. हात जोडलेले, अंग धनुष्यासारखं ताणलेलं. माझे हात थरथरत होते, तरी शटर वेळेवर दाबलं गेलं. स्क्रीनवर त्यांना दाखवला. ओल्या हाताने कॅमेरा धरून त्यांनी बराच वेळ बघितला. "हां, हा छाप. पण खाली नाव नको. गल्लीत चर्चा होईल."

"मग काय लिहू, काकू?"

त्यांनी लेकीकडे बघितलं. "हिला काय म्हणता तुम्ही होस्टेलात? तेच लिही."

संपादकांना सांगितलं, दुष्काळाचे फोटो मिळाले नाहीत. हा एक आहे. फोटोओळ फक्त 'लातूरकर'.

जायचंय?

कसं जाल: मुंबईहून नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे रात्रीच्या गाड्या आहेत. नांदेड-लातूर एसटीने साधारण तीन तास. कंधारसाठी लोह्याला उतरा.

काय बघाल: नांदेडला हुजूर साहिब (डोकं झाकायला रुमाल न्या) आणि विष्णुपुरी. वाटेत कंधारचा किल्ला. लातूरला गंजगोलाई, शक्यतो संध्याकाळी.

काय खाल: लंगरची डाळ-रोटी, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, निलंगा राईस. दुपारी रसवंतीवर उसाचा रस.

कॅमेरा: सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतरच. दुपारी बॅगेत, सावलीत ठेवा. माणसांचे फोटो काढण्याआधी विचारा. फार तर केस विंचरायला दोन मिनिटं थांबावं लागेल.

पोहणं: धरणात आणि घाटावर नको. विहिरीत उतरायचं तर मालकाची परवानगी आणि तिथलं पाणी ओळखणारं माणूस सोबत हवंच. आंघोळीला एक बादली पुरते. खरंच पुरते.